निंबोळी अर्क फवारताय? मग तिसऱ्या दिवशी पानं उलटून बघा

आमचं रान परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या बाजूला, काळ्या जमिनीत कपाशी. मावा-तुडतुडे दिसू लागले की माझी पहिली फवारणी निंबोळी अर्काची.

पावसाच्या तोंडावर झाडाखाली पडलेल्या पिवळ्या निंबोळ्या रोजच्या रोज वेचा. गर पाण्यात चोळून काढा, बिया सावलीत वाळवा आणि गोणपाटाच्या पोत्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. काळ्या पडलेल्या बिया फेकून द्या.

100 लिटर फवाऱ्यासाठी 5 किलो बिया जाडसर कुटा आणि आदल्या संध्याकाळी 9 लिटर पाण्यात भिजू घाला. वेगळ्या 1 लिटर पाण्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा. दुसऱ्या दिवशी अर्क दुहेरी फडक्यातून गाळा, साबणाचं पाणी मिसळा, बाकी साधं पाणी घाला. ऊन उतरल्यावरच फवारा, कारण यातलं अॅझाडिरॅक्टिन हे कीड रोखणारं द्रव्य उन्हात लवकर नासतं. पानाची खालची बाजू भिजलीच पाहिजे. अर्क त्याच दिवशी संपवा.

आता खरी गोष्ट. फवारून सकाळी किडी जिवंत दिसतात आणि लोक म्हणतात, वाया गेलं. अहो, कडुनिंब किडीला मारण्याआधी तिची वाढच बिघडवतो! अॅझाडिरॅक्टिनमुळे किडीचं खाणं कमी होतं आणि तिला नीट कात टाकता येत नाही. थंड मुलखातली सूचिपर्णी झाडंही किडीपासून स्वतःला अशीच वाचवतात, कुणी अडकवून तर कुणी वाढ बिघडवून. चीडाचं खोड पोखरलं की राळ वाहते, भुंगेरा तिच्यात अडकतो. बाल्सम फर तर त्याहून पुढं. 1965 च्या सुमारास हार्वर्डच्या प्रयोगशाळेत काही ढेकणांची पिल्लं प्रौढच होईनात. शोधता शोधता कळलं, डब्यात अंथरलेला कागद या फरच्या लाकडाचा होता. लाकडातलं जुव्हाबायोन किडीच्या बालपणाच्या संप्रेरकासारखं वागतं. पिल्लू कात टाकतं, पण पिल्लूच राहतं आणि मरतं. ते ढेकूण आपल्या कपाशीवरच्या लाल ढेकण्याच्याच कुळातले, हे वाचलं तेव्हापासून मला निंबोळीचा परिणाम दिसायची घाई वाटत नाही.

म्हणून अर्क पिल्लं आणि लहान अळ्या असतानाच मारा. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत तो पोचत नाही. तिच्यासाठी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढून अडकवणारे) वेळेत लावा. फवारणीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेताच्या चार कोपऱ्यांतली आणि मधली झाडं बघा. मेलेल्या किडी मोजू नका. नवी पानं कुरतडली जातायत का आणि पिल्लं वाढतायत का, एवढंच बघा. वाढत असतील तर दुसरी फवारणी करा.