माइक घ्यायच्या आधी मागून आणा: घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी

घरी गाणी करायला लागलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, कुठला माइक घेऊ? माझं स्पष्ट मत आहे, आत्ता कुठलाच घेऊ नका. आपल्या खोलीत आपला आवाज कसा येतो हे कळायच्या आधी घेतलेला माइक म्हणजे सगळा अंदाजपंचे कारभार. हौशी मंडळींमध्ये कुणाकडे ना कुणाकडे एखादा माइक, एखादा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायची छोटी पेटी) नुसता पडून असतोच, तो काही दिवस मागून आणा, वापरून बघा, मग ठरवा. फक्त मागून आणायची, जोडायची आणि एकमेकांना सल्ला द्यायची पण एक पद्धत असते, ती जरा नीट लिहिते.

पण आधी खोलीचं बघू, कारण ती काही कुणाकडून मागून आणता येत नाही. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करा आणि खोलीत तीनचार वेगळ्या जागी उभं राहून एकच ओळ गा, मोबाइल तोंडापासून दर वेळी तेवढ्याच अंतरावर ठेवायचा. मग हेडफोन लावून ऐका, जागा बदलली की आवाज किती बदलतो ते बघून दचकायला होतं. एक टाळी पण वाजवून बघा. टाळीमागून टर्रर्र असा शेपटा आला तर समोरासमोरच्या दोन मोकळ्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवतायत असं समजायचं, तिथे एका भिंतीवर जाड गोधडी टांगा नाहीतर पुस्तकांचं कपाट सरकवा. आता यात बरेच जण गोधडी माइकच्या पाठीमागे टांगतात, पण गायला सहसा वापरतात तो कार्डिऑइड माइक समोरून ऐकतो, म्हणजे तुम्ही आणि तुमच्या पाठीमागची भिंत, त्यामुळे पहिली गोधडी गाणाऱ्याच्या मागे. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून गायलं तरी चांगलं काम होतं.

गोधडीने शोषले जातात ते वरचे सूर, बेसला, म्हणजे खालच्या सुरांना, तिचा फारसा फरक पडत नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, त्या हिशोबाने ३.४ मीटर लांबीच्या खोलीत ५० हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतींपाशी फुगतो आणि बरोब्बर मध्यावर जवळजवळ गायब होतो. म्हणून मिक्स करताना, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र बसवताना, खोलीच्या अगदी मधोमध बसू नका, आणि बेस कमी वाटला म्हणून लगेच वाढवू पण नका, आधी खुर्ची थोडी पुढेमागे करून ऐका. अंड्यांचे ट्रे चिकटवायचा सल्ला अजूनही फिरतो, तो सोडून द्या, तो पुठ्ठा बेसला अडवत नाही आणि शेजाऱ्यांपर्यंत जाणारा आवाज पण नाही.

आता मागून काय आणायचं. पहिला डायनॅमिक माइक आणा, म्हणजे स्टेजवर हातात धरून गातात तसला दणकट माइक. शुअर कंपनीचा एसएम ५७ आला १९६५ ला आणि एसएम ५८ आला १९६६ ला, दोन्ही आजही मिळतात आणि हौशी लोकांकडे हेच बहुतेक वेळा सापडतात. असा माइक तोंडाजवळ धरून गायचं, म्हणजे खोली कमी येते, पंखा कमी येतो, पण गेन, म्हणजे इंटरफेसवर माइकचा आवाज वाढवायचा तो, मात्र भरपूर द्यावा लागतो. नंतर कंडेन्सर जातीचा माइक आणून बघा, तो बारीकसारीक सगळं टिपतो, तुमच्या आवाजातलं चांगलं आणि खोलीतलं वाईट दोन्ही. त्याला इंटरफेसवरून ४८ व्होल्टची फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला जाणारी वीज) लागते, बटण दाबायच्या आधी स्पीकरचा आवाज शून्यावर आणा. आणि कुणी जुना रिबन माइक दिला असेल तर फँटम बंद ठेवूनच जोडायचा, केबल सदोष असली तर आतली नाजूक पट्टी ताणली जाऊन दुसऱ्याची वस्तू कायमची जाते. खरं सांगायचं तर खोलीचं काहीच केलं नसेल तर साधा डायनॅमिक कित्येकदा महागड्या कंडेन्सरपेक्षा बरा वाटतो, म्हणून तर दोन्ही आणून बघायला सांगतेय.

पेडल (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची पेटी) किंवा छोटा कीबोर्ड मागून आणलात तर त्याचा स्वतःचा अडॅप्टर सोबत मागा, हे विसरू नका. गिटारच्या बहुतेक पेडलना ९ व्होल्ट लागतात आणि मधली पिन निगेटिव्ह असते, घरातल्या इतर वस्तूंचे अडॅप्टर बरेचदा उलटे असतात, पिन मात्र तश्शीच बसते आणि पेडल जळू शकतं. देणाऱ्याने पण अडॅप्टरवर चिकटपट्टी लावून कुठल्या वस्तूचा ते लिहून द्यावं, दोन मिनिटांचं काम आहे.

जोडणीत सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो माइक कुठे ठेवायचा यावर. अकॉस्टिक गिटारला माइक थेट भोकासमोर लावला की घुमघुम येते, तो १२ व्या फ्रेटच्या (गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्टीच्या) समोर साधारण २० ते ३० सेंटीमीटरवर ठेवा आणि तिथून थोडा इकडेतिकडे सरकवत ऐका. आवाजासाठी १५ सेंटीमीटरच्या आसपास, मध्ये पॉप फिल्टर (तोंडासमोर लावायची जाळी), आणि माइक तोंडाच्या जरा बाजूला म्हणजे प, फ, भ चे फटके बसत नाहीत. जितकं जवळ जाल तितका खालचा आवाज जाड होतो, हा माइकचा गुणच आहे, बारीक आवाज असेल तर त्याचा फायदा घ्या, पण गाता गाता पुढेमागे डुलू नका. तबल्यासारख्या वाद्याला दोन माइक लावले तर दोन्ही ट्रॅक मोनोमध्ये एकत्र ऐका, आवाज पातळ झाला तर एकाचं पोलॅरिटीचं, म्हणजे आवाजाची लाट उलटी करणारं, बटण दाबून बघा किंवा माइक हलवा.

गेन लावताना घाबरून लाल दिव्यापर्यंत नेऊ नका. २४ बिटला (हा बारकाईचा आकडा सॉफ्टवेअरमध्ये निवडता येतो) रेकॉर्ड करताय ना, मग सगळ्यात जोराची ओळ मायनस १२ ते मायनस १० डीबीच्या आसपास आली की पुरे, नंतर वाढवता येतं, पण शून्याला आपटून फाटलेला आवाज धड दुरुस्त होत नाही.

गाताना हेडफोनमध्ये आपलाच आवाज उशिरा येत असेल तर बफर (कॉम्प्युटर आवाज थोडा साठवून मग पुढे देतो तो साठा) कमी करा. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सँपल (आवाजाचे नमुने) घेताना, १२८ सँपल म्हणजे जेमतेम २.७ मिलिसेकंद, वर इंटरफेस आणि ड्रायव्हरचा थोडा वेळ धरला तरी चालतं. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (हा उशीर कमी करणारं छोटं सॉफ्टवेअर) टाका. मिक्सला बसलात की बफर परत ५१२ किंवा १०२४. सॉफ्टवेअरवर मी फार बोलणार नाही, ऑडॅसिटी फुकट आहे, ॲपलवाल्यांना गॅरेजबँड फुकट आहे, रीपर ६० दिवस वापरून बघता येतं, मित्राकडे जे आहे तेच घ्या म्हणजे अडलात की त्याला विचारता येईल.

गुंईई असा आवाज येतोय? एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी केबल, मग इनपुट, मग लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका, चार्जर काढल्यावर गेला तर गडबड विजेच्या बाजूला आहे. गिटारची केबल आखूड ठेवा, ती अनबॅलन्स्ड असते, वाटेतला कचरा उचलते, माइकच्या तीन पिनांच्या एक्सएलआर केबलला तो त्रास बराच कमी. गिटार थेट लावताना इंटरफेसवरचं इन्स्ट्रुमेंटचं बटण दाबलंय ना तेही बघा, नाहीतर आवाज मेलेला येतो.

आता देवाणघेवाणीचा भाग, जो मला सगळ्यात जास्त आवडतो. एकाने गिटार वाजवायची, दुसरीने तिच्या घरी गायचं, हे छान जमतं, फक्त फाइली नीट पाठवा. प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या अगदी शून्य सेकंदापासून एक्स्पोर्ट करायचा, त्यातला आवाज दुसऱ्या मिनिटाला सुरू होत असला तरी, म्हणजे समोरच्याने नुसतं टाकलं की सगळं आपोआप जुळतं. वेव्ह फाइल पाठवा, २४ बिट, आणि सँपल रेट, बीपीएम (मिनिटाला किती ठोके), पट्टी हे फाइलच्या नावातच लिहा. एमपी३ वर गाऊन पाठवू नका, कारण एमपी३ बनताना सुरुवातीला बारीकशी शांतता जोडली जाते आणि ट्रॅक किंचित सरकतो, मग ताल का बसत नाही ते कुणालाच कळत नाही. रिव्हर्ब (घुमारा) लावलेला आणि कोरा असे दोन्ही ट्रॅक दिलेत तर फारच छान.

सल्ला मागताना पण "कसं वाटतंय" एवढंच विचारू नका, त्यावर लोक "मस्त" म्हणणार आणि तुमच्या हाती काहीच लागणार नाही. इफेक्ट न लावलेला अर्ध्या मिनिटाचा तुकडा द्या, माइक कुठला, किती अंतरावर, खोली कशी ते लिहा आणि एकच नेमका प्रश्न विचारा, शब्द कळतायत का, किंवा गिटार आवाजावर चढतेय का. सल्ला देणाऱ्याने आधी एक चांगली गोष्ट सांगावी, ती खरी असावी, आणि मग सेकंद सांगून बोलावं, "०:१८ ला श्वास मोठा येतो" हे कामाचं, "अजून प्रोफेशनल हवं" हे नाही. दोन माइक किंवा दोन मिक्स एकमेकांशी ताडून बघताना दोन्हींची पातळी कानाला सारखी करून घ्या, कारण जे जरासं मोठ्याने वाजतं ते आपल्याला बहुतेक वेळा जास्त चांगलं वाटतं आणि कित्येक चुकीच्या खरेद्या निव्वळ त्यातून होतात.

वस्तू परत करायच्या आधी एसएम ५८ सारख्या माइकची जाळी फिरवून काढा, आतल्या फोमसकट साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळवूनच बसवा, कारण पुढचा माणूस त्याला तोंड लावून गाणार आहे. केबल कोपरावर पिळून गुंडाळू नका, सैल वेटोळी घाला. काही खरखर जाणवली असेल तर देतानाच सांगा, आणि त्या माइकवर केलेलं गाणं मालकाला सगळ्यात आधी पाठवा.