डिस्क मेली म्हणण्याआधी

दुरुस्तीचं काम मी शिकलो नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळच्या एका लहानशा दुकानात. दुकानातल्या दोन्ही मशिनवर लिनक्स असायचं. पहिल्याच महिन्यात पिंपळगाव बसवंतहून एक फोटोग्राफर दादा लग्नाच्या व्हिडिओची डिस्क घेऊन आले. मशिनमध्ये जोडून कॉपी सुरू केली, तर अर्ध्यात 'इनपुट आउटपुट एरर'. मी सांगून मोकळा झालो, "दादा, डिस्क गेली." त्यांचा चेहरा पार उतरला. दुकानाचे मालक, आमचे काका, मागून म्हणाले, "डीमेसेज बघितलंस का?" मी बघितलं नव्हतं.

नव्याने या कामात येणाऱ्यांना म्हणूनच सांगतो, की कॉपी करणारा प्रोग्राम फक्त 'जमलं नाही' एवढंच सांगतो. का जमलं नाही, ते कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला ठाऊक असतं आणि ते डीमेसेज (dmesg) या कमांडने दिसणाऱ्या त्याच्या नोंदींमध्ये लिहिलेलं असतं. त्या दिवशी तिथे 'बॅड सीआरसी', 'आयसीआरसी' आणि मागोमाग लिंक रिसेट झाल्याच्या ओळी होत्या. सीआरसी म्हणजे डेटा जसाच्या तसा पोचला का, याची तपासणी. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या रस्त्यात डेटा खराब होतोय, असा त्या ओळींचा अर्थ. तिथे 'यूएनसी' दिसलं असतं, तर डिस्कला स्वतःचाच सेक्टर वाचता येत नाहीये असं समजायचं.

खात्रीसाठी स्मार्टसीटीएल चालवलं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, ती 'स्मार्ट', आणि ती दाखवणारी ही कमांड. ५, १९७ आणि १९८ या तिन्ही नंबरांसमोर शून्य, म्हणजे बदललेले, अडकलेले किंवा वाचता न येणारे सेक्टर नाहीत. १९९ समोर मात्र ४१२. हा सीआरसी चुकांचा आकडा. तो वाढतो, पण वायर बदलली म्हणून कमी होत नाही. त्यामुळे नुसता आकडा बघून उपयोग नाही, तो आधी लिहून ठेवावा लागतो. काकांनी मास्किंग टेपवर स्केचपेनने '४१२' लिहून टेप डिस्कला चिकटवली. लाल साटा केबल काढली, तर बोर्डाकडच्या टोकाची पत्र्याची क्लिप तुटलेली. टोक बोटाने हलत होतं. दुसरी केबल लावून सगळं पुन्हा कॉपी केलं. आकडा ४१२ च राहिला.

यूएसबीवरच्या डिस्कचं दुखणं बऱ्याचदा विजेचं असतं. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३ चा ९००. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लांब वायरने जोडलेली डिस्क मधेच गायब होऊन परत आली आणि लिनक्सने तिला दिलेलं नाव एसडीबीचं एसडीसी झालं, तर आधी मागच्या पोर्टला आखूड वायरने लावून बघा. डिस्क ज्या यूएसबी डबीत (केसमध्ये) बसवलेली असते, तशा काही डब्यांमधून स्मार्टची माहिती येत नाही. तिथे स्मार्टसीटीएलला 'डॅश डी सॅट' (-d sat) हा पर्याय द्यावा लागतो.

काही एररचा बिघाडाशी संबंधच नसतो. फॅट ३२ फॉरमॅटच्या डिस्कवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावतच नाही. विंडोज हायबरनेट करून काढलेली एनटीएफएस (विंडोजचा फॉरमॅट) डिस्क लिनक्सवर बहुतेक वेळा फक्त वाचण्यापुरती उघडते. आणि पट्टी शंभर टक्क्यांवर पोचली तरी बराच डेटा अजून रॅममध्ये असू शकतो, म्हणून सिंक (उरलेला डेटा डिस्कवर लिहिणं) आणि अनमाउंट (डिस्क सिस्टिमपासून सोडवणं) झाल्याशिवाय वायरला हात लावू नका.

१९७ चा आकडा वाढत असेल, तर मात्र गोष्ट गंभीर. तिथे आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत घ्यायची, मॅपफाइलसकट (कुठला भाग निघाला, कुठला राहिला याची नोंद). पहिल्या फेरीला 'डॅश एन' (-n) हा पर्याय द्या, म्हणजे चांगला भाग आधी निघतो. हट्टी सेक्टरांमागे नंतर 'डॅश आर तीन' (-r3, म्हणजे तीनदा पुन्हा प्रयत्न) देऊन लागा. हे सगळं सुरू करण्याआधी एलएसबीएलकेमध्ये (जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी कमांड) साइज आणि सिरियल नंबर दोनदा वाचा. कुठून कुठे हे उलटं झालं, तर गिऱ्हाइकाचा डेटा तुमच्याच हाताने पुसला जातो.

एफएससीके, म्हणजे फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड, चालवायची ती इमेजच्या कॉपीवर. सिन्नरच्या एका शिक्षिकाबाईंच्या लिनक्स डिस्कवर मी ते थेट चालवलं होतं. एफएससीके दुरुस्ती करताना डिस्कवर लिहितं, आणि ती डिस्क आधीच शेवटच्या घटका मोजत होती. फोल्डर गेले, फाइल 'लॉस्ट अँड फाउंड' या फोल्डरमध्ये नुसत्या नंबरांनी येऊन पडल्या. पुढचे दोन दिवस बाई माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून होत्या. मी एकेक फाइल उघडायचो, त्या बघून सांगायच्या, "ही सहावीची प्रश्नपत्रिका," आणि मी नाव द्यायचो. अठरा फाइल उघडल्याच नाहीत.