दिल्ली ते टोकियो : अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

दिल्लीहून टोकियोला विमानाने जायला किती वेळ लागतो, या प्रश्नाचे उत्तर जाताना एक आणि येताना दुसरे असते. म्हणून हिशोब अंतरापासून सुरू करावा, पण अंतरावर थांबू नये.

प्रथम शहरांचे नव्हे, तर विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यावेत. दिल्लीचा विमानतळ २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व येथे आहे आणि टोकियोचा हानेदा ३५.५५ उत्तर, १३९.७८ पूर्व येथे. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनना रेखांशांतील फरकाच्या कोसाइनने गुणून येणारी संख्या त्यात मिळवावी. ही बेरीज म्हणजे पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनाची कोसाइन होय. येथे तो कोन सुमारे ५२.७ अंश येतो आणि अंशाला १११.२ किलोमीटर धरल्यास अंतर सुमारे ५,८६० किलोमीटर भरते. आकडेमोड नको असेल, तर पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहावा. हा सर्वांत जवळचा मार्ग दोन्ही शहरांच्या उत्तरेला, जवळजवळ ३७ अंशांपर्यंत चढलेला दिसतो, जे सपाट नकाशावर कधीच लक्षात येत नाही.

तो दोरा तिबेटच्या पठारावरून जातो, विमाने मात्र सहसा तसे जात नाहीत. केबिनमधील हवेचा दाब गेला, तर विमानाला तातडीने सुमारे १०,००० फुटांपर्यंत खाली यावे लागते, आणि या पठाराची सरासरी उंचीच त्याहून बरीच जास्त आहे. दक्षिणेकडून वळसा घेतल्याने प्रत्यक्ष मार्ग लांबतो. अंदाजासाठी तो ६,२०० किलोमीटर धरावा.

आता वारा. या अक्षांशांवर, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्याची धार, वाहते आणि जपानवर तिचा वेग कधीकधी ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. (जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात जपानमधील तातेनो येथून फुगे सोडून हे वारे मोजले आणि ती नोंद एस्पेरांतो या मोजक्या लोकांना येणाऱ्या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केली, इतके मोलाचे काम त्यामुळे फार थोड्यांच्या वाचनात आले, याची हळहळ वाटते.) विमानाचा वेग ताशी ९०० आणि संपूर्ण मार्गावर वाऱ्याचा सरासरी वेग १५० किलोमीटर धरला, तर जाताना जमिनीच्या तुलनेतला वेग १,०५० होतो आणि येताना ७५०. म्हणजे हवेतील वेळ जाताना सुमारे पाच तास पंचावन्न मिनिटे, तर परतताना सव्वाआठ तास. त्यात धावपट्टीपर्यंतची चाल, चढण आणि उतरण यांसाठी पाऊण ते एक तास मिळवावा. उन्हाळ्यात वारा मंदावतो आणि हा फरक बराच कमी होतो.

वेळापत्रकाशी ताळा करताना त्यातील वेळा त्या त्या शहराच्या स्थानिक असतात हे ध्यानात ठेवावे. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. समजा, विमान दिल्लीहून रात्री ८ वाजता निघून टोकियोला सकाळी ७ वाजता पोहोचते. घड्याळात अकरा तास दिसतात, पण त्यांतून साडेतीन वजा केल्यावर प्रवास साडेसात तासांचा ठरतो. परतीला मात्र तेच साडेतीन तास मिळवावे लागतात : सकाळी ११ ला निघून संध्याकाळी ५ ला उतरणारे विमान साडेनऊ तास घेते.

शेवटी तिकिटावर हानेदा आहे की टोकियोचा दुसरा विमानतळ नारिता, हे पाहावे. हवाई अंतरात फारसा फरक पडत नाही, परंतु नारिता टोकियोच्या मध्यभागापासून सुमारे ६० किलोमीटर दूर आहे, आणि तेथून शहरात पोहोचायला लागणारा वेळ हिशोबात वेगळा धरावा लागतो.