जुन्या मदरबोर्डची कॅशे-मर्यादा कशी पडताळावी

पेंटियम प्रोसेसरच्या काळातील मदरबोर्डवर रॅम वाढवण्यापूर्वी दोन आकडे वेगळे ओळखावेत: बोर्ड एकूण किती रॅम स्वीकारतो आणि त्यातील किती रॅमला एल-२ कॅशेचा (वारंवार लागणारा डेटा जवळ ठेवणाऱ्या छोट्या, वेगवान मेमरीचा) लाभ मिळतो. मॅन्युअलमध्ये पहिला आकडा ठळकपणे छापलेला असतो. दुसरा बहुधा चिपसेटच्या (प्रोसेसर, रॅम आणि इतर भाग जोडणाऱ्या बोर्डवरील चिपांच्या) डेटाशीटमध्ये, म्हणजे तांत्रिक माहितीपत्रकातच सापडतो. म्हणून बोर्डवरील चिपसेटचा क्रमांक वाचून उत्पादकाची मूळ डेटाशीट मिळवावी आणि तिच्यातील कॅशेविषयीचा भाग शब्दशः वाचावा.

उदाहरणार्थ, इंटेलचा ४३०टीएक्स चिपसेट २५६ एमबी रॅम चालवतो, पण कॅशे मात्र पहिल्या ६४ एमबीपुरतीच काम करते. ४३०एचएक्सची कॅशे ५१२ एमबीपर्यंत जाते, तथापि त्यासाठी ११ बिटांची टॅग रॅम (कॅशेत रॅमचा कोणता भाग आहे याची नोंद ठेवणारी चिप) लागते. बोर्डवर ८ बिटांचीच बसवलेली असेल, तर त्याची कॅशेही ६४ एमबीवरच अडते. त्यामुळे एचएक्सच्या बाबतीत कागदावर विसंबून न राहता दुसऱ्या टॅग चिपची जागा रिकामी तर नाही ना, हे बोर्डवर प्रत्यक्ष पाहावे.

विंडोज ९५ आणि ९८ रॅमचा वरचा भाग आधी वापरतात. परिणामी कॅशेच्या मर्यादेपलीकडे रॅम बसवल्यास कॅशे नसलेला भागच आधी वापरला जातो आणि संगणक उलट मंदावू शकतो.