एमआयएसमध्ये मास्टर्स करायचंय? अभ्यासक्रम कसा निवडावा, अर्ज कसा करावा

मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टीम्स, म्हणजेच एमआयएस, म्हणजे संस्थेच्या कारभारात माहिती-तंत्रज्ञान कसं वापरायचं याचा अभ्यास. या पदवीकडे दोन बाजूंनी लोक येतात. इंजिनिअरिंगवाल्यांना वाटतं, कोडिंगपासून सुटका होईल. कॉमर्सवाल्यांना वाटतं, आता आपणही कोडिंग शिकू. दोघांचाही समज अर्धवट असतो आणि पहिल्या सेमिस्टरमध्येच ते कळून चुकतं. म्हणून कॉलेजांची यादी करण्याआधी थोडा वेळ विषयालाच द्या.

आधी विषय पारखा

हर्शी या अमेरिकी चॉकलेट कंपनीने १९९९च्या जुलैमध्ये ऑर्डरपासून गोदामापर्यंतचा कारभार सांभाळणारी नवी सिस्टीम सुरू केली. हॅलोविनच्या ऑर्डरी तोंडावर आल्या होत्या. गोदामात माल होता, पण दुकानांपर्यंत तो वेळेत पोहोचेना. अडकलेल्या ऑर्डरी दहा कोटी डॉलरच्या वर गेल्या. सॉफ्टवेअर नामांकित कंपन्यांचं होतं, तेच इतरत्र चालतही होतं. पण चार वर्षांचं काम अडीच वर्षांत उरकायचं ठरलं, वेगवेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर एका दमात सुरू झाली आणि तीही ऐन हंगामाच्या तोंडावर. हे निर्णय कोणी, कशाच्या जोरावर घेतले, हा एमआयएसचा प्रश्न. सर्व्हर का बंद पडला हा दुसऱ्या विभागाचा.

आता स्वतःची परीक्षा घ्या. डॉक्टरांनी सकाळी ‘घरी जा’ सांगितलेला रुग्ण संध्याकाळपर्यंत खाटेवरच का असतो? कागद घ्या. उरलेली औषधं परत कोण करतं, अंतिम बिल कशासाठी थांबतं, विमा कंपनीची मंजुरी कोणत्या कागदावर अडते, डिस्चार्ज समरी कोण लिहितं, हे चौकोन आणि बाणांनी मांडा. मग कोणती माहिती कोणत्या तक्त्यात राहील ते लिहा. तासाभरात कंटाळा आला तर हा विषय तुमचा नाही. ‘पण नर्सला हे स्क्रीनवर आधी का दिसत नाही?’ असे प्रश्न पडू लागले, तर पुढे वाचा.

पदव्यांमधला फरक ओळखा

एमबीएत वित्त, मार्केटिंग, मनुष्यबळ असं सगळंच येतं आणि माहिती-तंत्रज्ञान हा त्यातला एक कोपरा असतो. नावाजलेल्या पूर्णवेळ एमबीएच्या वर्गात साधारण चार-पाच वर्षं नोकरी केलेले लोक असतात. एमआयएसच्या एमएसला नुकते पदवीधर झालेलेही चालतात. बिझनेस ॲनालिटिक्समध्ये संख्याशास्त्र आणि मॉडेल्स जास्त, संस्था आणि माणसं कमी. व्यवस्थापनाच्या वरच्या खुर्चीवर डोळा असेल, तर आधी नोकरी आणि मग एमबीए हा मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो. दोन्ही पदव्या जोडून देणारे कोर्सही आहेत, पण त्यातली दुसरी पदवी बऱ्याचदा फक्त फी वाढवते.

संशोधनाची ओढ असेल तर पीएचडी वेगळी वाट आहे. मिनेसोटा विद्यापीठात १९६०च्या दशकाच्या अखेरीस गॉर्डन डेव्हिस यांनी हा विषय उभा केला आणि १९७७पासून ‘एमआयएस क्वार्टर्ली’ हे नियतकालिक तिथूनच निघू लागलं. त्याच्या अलीकडच्या अंकांतले चार-पाच सारांश वाचून बघा. रस वाटला तरच त्या वाटेला जा.

रँकिंग बाजूला ठेवून अभ्यासक्रम वाचा

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे, आणि नेमकं इथेच लोक घाई करतात. कोर्सच्या माहितीपत्रकातले हसरे चेहरे सोडा. विषयांची यादी आणि प्रत्येक विषयाचा तपशील उघडा. डेटाबेस, सिस्टीम ॲनालिसिस अँड डिझाइन, प्रोजेक्ट मॅनेजमेंट, माहिती सुरक्षा हे चार विषय सक्तीचे आहेत का ते बघा. मग पर्यायी विषय तपासा. यादीत वीस विषय असतात, पण प्रत्यक्षात दरवर्षी शिकवले जातात निम्मेच. गेल्या दोन सेमिस्टरांचं वेळापत्रक मिळालं तर खरं काय ते लगेच दिसतं.

विभाग कोणत्या छताखाली आहे हेही पाहा. ॲरिझोना विद्यापीठात एमआयएस व्यवस्थापन महाविद्यालयात आहे, तर जर्मन भाषिक देशांत ‘विर्टशाफ्ट्सइन्फॉर्माटिक’ नावाने चालणारा हाच विषय बऱ्याच ठिकाणी संगणकशास्त्राकडे झुकलेला असतो. एकाच विषयाच्या दोन पदव्यांत शिकणं मात्र दोन तऱ्हांचं. शेवटच्या सेमिस्टरमध्ये खऱ्या कंपनीसोबत प्रकल्प असेल तर त्या कोर्सला माझं झुकतं माप.

कालावधी आणि मान्यता

ब्रिटनमधली एमएससी बहुधा एका वर्षाची असते. अमेरिकेत साधारण ३० ते ३६ क्रेडिट, म्हणजे दीड-दोन वर्षं. युरोपातल्या दोन वर्षांच्या मास्टर्सला १२० ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट) लागतात. एक वर्ष स्वस्त पडतं, पण मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप करायला मिळत नाही. बिझनेस स्कूलची मान्यता पाहताना एएसीएसबी, इक्विस आणि ॲम्बा ही नावं दिसतील. त्यातलं एकही नसेल तर कारण विचारा.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विद्यापीठाकडून लेखी घ्यावी: कोर्सचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाच्या सरकारी वर्गीकरणातला क्रमांक. शिक्षणानंतर १२ महिने काम करण्याची परवानगी मिळते. ती आणखी २४ महिन्यांनी वाढते ती फक्त तो कोड सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत असेल तर. एमआयएस नावाचे कोर्स वेगवेगळ्या कोडखाली चालतात, त्यामुळे मित्राच्या कोर्सवरून अंदाज बांधू नका.

परीक्षा

बरीच विद्यापीठं आता जीमॅट किंवा जीआरई या प्रवेशपरीक्षांची सक्ती करत नाहीत. तरी पदवीचे गुण बेताचे असतील तर परीक्षा द्याच. सध्याची जीमॅट सव्वादोन तासांची आहे. ४५ मिनिटांचे तीन भाग, गुण २०५ ते ८०५ दरम्यान. त्यातला डेटा इनसाइट्स हा भाग तक्ते आणि आलेख वाचून निष्कर्ष काढायला लावतो आणि एमआयएसवाल्यांसाठी तोच जवळचा. जीआरई साधारण दोन तासांची, गणित आणि भाषेला प्रत्येकी १३० ते १७० गुण. दोन्हींचे गुण पाच वर्षं चालतात. आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचे मात्र दोनच वर्षं, त्यामुळे ती फार आधी देऊन ठेवू नका.

कच्चे दुवे आधी भरा

कॉमर्सवाल्यांनी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, शिकावी, निदान दोन तक्ते जोडून हवी ती माहिती काढता येईल इतकं. इंजिनिअरिंगवाल्यांनी ताळेबंद वाचायला शिकावं. याला दोन-तीन महिने पुरतात आणि अर्जात लिहायलाही काहीतरी ठोस मिळतं.

एसओपी (अर्जासोबतचं उद्देशपत्र) लिहिताना

‘लहानपणापासून मला तंत्रज्ञानाची आवड आहे’ हे वाक्य वाचून वाचून प्रवेश समिती कंटाळलेली असते. त्याऐवजी हे बघा: ‘आमच्या ऑफिसात एकच ग्राहक तीन याद्यांत तीन स्पेलिंगने होता. याद्या एकत्र करणारी क्वेरी मी लिहिली, ती चालली. पण विक्री विभागाने आपली वेगळी यादी काही सोडली नाही. ती का सोडली नाही, हे मला समजून घ्यायचं आहे.’ यात काम आहे, अपयश आहे आणि उत्तर शोधायची गरजही. पुढच्या परिच्छेदात त्या विद्यापीठाचा कोणता विषय किंवा कोणत्या प्राध्यापकांचं काम या प्रश्नाशी जुळतं ते सांगा. विद्यापीठाचं नाव बदलून तोच मजकूर दुसरीकडे पाठवता येत असेल, तर तो परिच्छेद पुन्हा लिहा.

शिफारसपत्रासाठी मोठ्या हुद्द्याच्या मागे लागू नका. तुमचं काम जवळून पाहिलेला टीम लीड, तुम्हाला नावाने न ओळखणाऱ्या संचालकापेक्षा केव्हाही बरा. त्यांना दीड-दोन महिने आधी सांगा आणि आपण काय काय केलं ते एका पानावर लिहून द्या. एमबीएच्या अर्जांच्या फेऱ्या बहुधा सप्टेंबर आणि जानेवारीत असतात. एमएसच्या बऱ्याच डेडलाइन डिसेंबर ते मार्चमध्ये येतात. सगळी तयारी साधारण वर्षभर आधी सुरू झालेली बरी.

प्रवेश मिळाल्यावर

डिपॉझिट भरण्याआधी गेल्या वर्षीच्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोला. ‘कॉलेज कसं आहे?’ विचारलंत तर ‘छान आहे’ एवढंच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा विचारा: पहिल्या मुलाखतीला बोलावणं कोणत्या पदासाठी आलं? वर्गातले किती जण अजून नोकरी शोधताहेत? हवा होता आणि मिळाला नाही असा विषय कोणता? स्कॉलरशिप किंवा असिस्टंटशिप (विद्यापीठात काम करून मिळणारी मदत) मिळाली असेल, तर दुसऱ्या वर्षी ती चालू राहायला किती गुण लागतात, हे त्यांना नाही, विभागालाच ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.