कोळंबीच्या कवचांपासून रंग शोषणारे मणी कसे तयार करावेत

कापड रंगवून उरलेल्या पाण्यातील रंग धरून ठेवणारा कायटोसॅन हा पदार्थ कोळंबी आणि खेकड्यांच्या टाकाऊ कवचांपासून मिळतो. शिंपल्यांचा येथे उपयोग नाही, कारण ते जवळजवळ पूर्णपणे कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि ज्यापासून कायटोसॅन बनते ते कायटिन (कवचातील चिवट तंतुमय पदार्थ) त्यांत नगण्य असते. कोळंबीचे कवच पातळ असल्याने सुरुवात त्यानेच करावी.

कवचे ताजी असतानाच मांस काढून धुवावीत आणि वाळवून भरड दळावीत. 100 ग्रॅम चुऱ्याला सुमारे दीड लिटर 1 मोलर (लिटरमागे 1 मोल तीव्रतेचे) हायड्रोक्लोरिक आम्ल लागते. चुरा आम्लात चिमटी-चिमटीनेच सोडावा, कारण कार्बन डायऑक्साइडचा फेस इतक्या वेगाने चढतो की अर्धे रिकामे भांडेही उतू जाते. ताजे आम्ल घालूनही बुडबुडे उठेनासे झाले, की कवचातील चुना (कॅल्शियम कार्बोनेट) निघून गेला असे समजावे. धुतलेला चुरा 1 मोलर कॉस्टिक सोड्यात 80 अंश सेल्सिअसला दोन-तीन तास ठेवल्यावर प्रथिने सुटतात आणि कायटिन उरते.

खरी जोखीम पुढच्या पायरीत आहे, म्हणून ती हवेशीर प्रयोगशाळेतच, चष्मा आणि हातमोजे घालून, जाणकाराच्या देखरेखीखाली करावी. 50 टक्के कॉस्टिकमध्ये कायटिन 100 अंशांवर सुमारे चार तास ठेवल्यास त्यातील अॅसिटिल गट निघतात आणि रंग पकडणारे अमिनो गट मोकळे होतात. द्रावण करताना कॉस्टिक पाण्यात थोडे थोडे मिसळावे, पाणी कॉस्टिकवर ओतू नये. अॅल्युमिनियमचे भांडे कटाक्षाने टाळावे, कारण त्यातून हायड्रोजन निघतो. धुऊन वाळवलेली चिमूटभर पूड 2 टक्के अॅसेटिक आम्लात विरघळली, तर कायटोसॅन जमले.

अशा 100 मिलिलिटर आम्लात 2 ग्रॅम कायटोसॅन रात्रभर ढवळावे, कापडातून गाळावे आणि सिरिंजने 1 मोलर कॉस्टिकमध्ये थेंबाथेंबाने सोडावे. थेंब पडताक्षणी त्याभोवती दुधी साय धरते आणि काही तासांत मणी आतपर्यंत घट्ट होतो. मग पाणी उदासीन होईपर्यंत मणी धुवावेत.

हे मणी रिअॅक्टिव्ह आणि अॅसिड प्रकारच्या ऋणभारित रंगांवर चांगले चालतात, मेथिलीन ब्लूसारख्या धनभारित रंगांवर मात्र फारसे नाहीत. किंचित आम्लधर्मी पाण्यात शोषण वाढते, पण आम्ल अधिक झाल्यास मणीच विरघळतात. कायटोसॅनच्या साखळ्या एकमेकींना जोडणाऱ्या ग्लुटराल्डिहाइड या रसायनाने मणी टिकाऊ होतात. तरी हे रसायन विषारी आहे आणि काही अमिनो गट अडवते, म्हणून माझ्या मते गरजेपुरतेच वापरावे. चाचणीत मणी नसलेली, त्याच रंगाच्या पाण्याची आणि त्याच सामूची (pH) दुसरी बाटली शेजारी ठेवावी, नाहीतर सामू बदलल्याने फिकटलेला रंगही शोषला गेला असे वाटते.

भरलेल्या मण्यांतून रंग बऱ्याचदा सौम्य कॉस्टिकने सुटतो. ते दाट रंगाचे द्रावण वेगळे साठवून घातक कचरा म्हणून द्यावे. आम्ल आणि कॉस्टिकचे उरलेले पाणीही थंड झाल्यावर सावकाश एकमेकांत मिसळून सामू 7 च्या आसपास आणल्याशिवाय गटारात सोडू नये.