ग्रुप प्रोजेक्टमध्ये उतरताय? आधी ‘करंट’ आणि ‘इनकमिंग’ समजून घ्या

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी आम्ही चौघींनी मिनी प्रोजेक्ट घेतला तेव्हा गिटच्या, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून सगळ्यांचं काम एकत्र जोडणाऱ्या साधनाच्या, रोजच्या कमांड मला येत होत्या. क्लोन (प्रोजेक्टची प्रत घेणं), कमिट (बदल नोंदवणं), पुल (इतरांचे बदल ओढून घेणं), पुश (आपले पाठवणं) तुम्हालाही येत असतील, त्यात वेळ घालवत नाही. पण दोघींचं काम एकाच फाइलमध्ये एकमेकांवर आदळलं की काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं. त्यापायी मी माझ्या पार्टनरच्या आठ दिवसांच्या कामावर पाणी फिरवलं, आणि मला ते कळलंसुद्धा नाही.

प्रोजेक्ट होता होस्टेलच्या मेसमधल्या खाड्यांचा हिशोब ठेवण्याचा. महिन्याचे 3,000 रुपये. खाडा आदल्या रात्री 9 च्या आत सांगितला आणि तो सलग 3 दिवसांचा असला, तरच दिवसाला 100 रुपये वजा. हा नियम पार्टनरने लिहिला. मी त्याच फाइलमध्ये बिलाची मांडणी बदलत होते आणि दहा दिवस मेन ब्रांचमधून, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कोडमधून, काहीही ओढून घेतलं नव्हतं. ही पहिली चूक. रिव्ह्यूच्या आदल्या रात्री, एका सीनिअरने कधीतरी सांगितलं होतं म्हणून, मी पुल करताना साध्या मर्जऐवजी (दोन ब्रांच जोडण्याऐवजी) रीबेस लावला. कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे दोघींचे बदल एकाच जागी आदळले.

आता नीट वाचा, कारण हे मला कुणी वेळेवर सांगायला हवं होतं.

कॉन्फ्लिक्ट आला की फाइलमध्ये एकाखाली एक दोन तुकडे दिसतात, मध्ये बरोबरच्या सात चिन्हांची ओळ. वरच्या तुकड्याला एडिटर ‘करंट’ म्हणतो, खालच्याला ‘इनकमिंग’. साध्या मर्जमध्ये करंट म्हणजे तुमचं, इनकमिंग म्हणजे दुसऱ्याचं. रीबेसमध्ये हे नेमकं उलटं होतं. रीबेस करताना गिट आधी मेन ब्रांचच्या टोकाला जाऊन उभं राहतं आणि तुमचे कमिट एकेक करून तिथे पुन्हा लावतं. म्हणून तिथे करंट म्हणजे मेनवरचं, म्हणजे मैत्रिणीचं. आणि बाहेरून ‘येणारं’ असतं ते तुमचंच.

मी विचार केला, हिचा नियम राहायलाच हवा, माझी मांडणी पुन्हा करता येईल. म्हणून इनकमिंग म्हणजे तिचं असं समजून प्रामाणिकपणे तेच स्वीकारत गेले. पाच ठिकाणी. पुश गेला, एकही एरर नाही. ॲप चाललं. माझी मांडणीही शाबूत दिसली. खरं तर तिथेच मनात पाल चुकचुकायला हवी होती, पण तेव्हा मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गाइड मॅडमनी 5 दिवसांचा खाडा टाकला. बिल 2,500 यायला हवं होतं. आलं 3,000. पार्टनर म्हणाली, “मॅडम, माझ्याकडून काहीतरी राहिलंय.” ती रात्रभर स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसली. चूक तिची नव्हतीच. ते आठवलं की आजही पोटात खड्डा पडतो.

आता घाबरला असाल तर ऐका: काम गेलं नव्हतं. तिने कमिट केलेलं होतं. त्या फाइलचा लॉग (कमिटची यादी) काढला तर तिच्या सगळ्या ओळी तिथेच होत्या आणि वीस मिनिटांत आम्ही त्या हाताने परत बसवल्या. स्वतःचा कमिट हरवल्यासारखा वाटला तर रिफ्लॉग, म्हणजे तुम्ही कुठून कुठे गेलात याची गिटने ठेवलेली नोंद, पाहा. साधारणपणे निदान 30 दिवस तरी तो तिथे सापडतो. जे कमिटच केलं नाही, त्याची मात्र हमी कुणी देत नाही. म्हणून लहान लहान कमिट करा, अर्धवट वाटलं तरी करा.

आणि एक सवय आजपासून लावा. पुश करण्याआधी आपली ब्रांच मेनशी डिफ करून, म्हणजे दोन्हींतला फरक काढून, पाहा. तुम्ही न लिहिलेली ओळ लाल, म्हणजे काढलेली, दिसली, म्हणजे तुम्ही दुसऱ्याचं काम पुसताय. थांबा. रीबेस चालू असतानाच गोंधळ झाला तर अॅबॉर्ट करून कॉन्फ्लिक्टच्या आधीच्या जागी परत जाता येतं, हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. डिफ-थ्री ही सेटिंग लावलीत तर दोन तुकड्यांच्या मधे मूळ ओळीही दिसतात. कोणी काय बदललं हे तेव्हाच खऱ्या अर्थाने कळतं.

लिनस टोरव्हाल्ड्सने 2005 मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलसाठी (तिच्या गाभ्यासाठी) गिट लिहिलं. तिथे हजारो लोक एकाच कोडवर काम करतात, मग चौघींचं का जमू नये, असं मला वाटायचं. पण तिथे बदल लहान लहान पॅच करून पाठवतात आणि आत जाण्याआधी दुसरं कुणीतरी ते वाचतं. आम्ही चौघी एकमेकींचं कोड वाचतच नव्हतो. ‘तुझं तू, माझं मी, शेवटी जोडू’ ही वाटणी ऐकायला समजूतदार वाटते. करू नका. शेवटी जोडणं हेच सगळ्यात अवघड काम असतं आणि तेच आपण शेवटच्या रात्रीवर ढकलतो.

सीनिअर्सबद्दल माझं मत कडक आहे. जो तुमचा लॅपटॉप ओढून घेतो आणि दोन मिनिटांत दुरुस्त करून देतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. जो शेजारी बसून “ही ओळ कुणाची? का बदलली?” असं विचारतो, त्याला सोडू नका. रेडीमेड प्रोजेक्ट विकत घेणाऱ्यांशी मला वादच घालायचा नाही, व्हायवात “हा फंक्शन का लिहिला?” एवढ्या प्रश्नावर तोंड उघडत नाही. एआयकडून कॉन्फ्लिक्ट सोडवून घेणाऱ्यांनाही तेच सांगेन: मेसचा खाडा 9 च्या आधी सांगायचा असतो, हे त्याला कोण सांगणार?

तुमच्या हातून असं झालं तर त्याच रात्री सांगा. मी दुसऱ्या संध्याकाळी सांगितलं, तेही तिने लॉग उघडल्यावर. ती पाच मिनिटं काही बोलली नाही. मग खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, “बस. आता दोघी मिळून वाचू.” तेव्हापासून कॉन्फ्लिक्ट आला की मी एकटीने एकही बटण दाबत नाही, ज्याची ओळ आहे त्याला आधी फोन लावते.